इंग्लंडमधला लीजहोल्ड फ्लॅट: घेताना, विकताना आणि लीज वाढवताना

नवा फ्लॅट पाहून आलेली मंडळी मला आधी फोटो पाठवतात. स्वयंपाकघर, बाल्कनी, खिडकीतून दिसणारं झाड. मी सगळे फोटो पाहते आणि विचारते, "लीजची वर्षं किती उरलीत?" बहुतेकांना ते माहीत नसतं. एजंटने "लाँग लीज आहे" एवढंच सांगितलेलं असतं, आणि ९९ वर्षं म्हटलं की आपल्याला वाटतं, नातवंडांपर्यंतची सोय झाली. पण ती ९९ वर्षं मोजायला सुरुवात कधी झाली? १९८८ साली सुरू झालेल्या लीजला आता जेमतेम साठ वर्षं उरली आहेत, आणि एवढ्या वर्षांवर कर्ज द्यायला बऱ्याच बँका तयार नसतात.

मी वकील नाही. इथे एक लीजहोल्ड फ्लॅट घेतला, त्याची लीज वाढवली आणि पुढे तो विकला. लीज वाढवायला उशीर केला, त्याची किंमतही मोजली. ते पुढे येईलच. हा लेख इंग्लंड आणि वेल्समधल्या फ्लॅटपुरता आहे. स्कॉटलंडमध्ये घरांसाठी ही पद्धत जवळपास उरलेलीच नाही.

आधी, आपण नेमकं काय विकत घेतो

आपल्याकडे फ्लॅट घेतला की सोसायटीचे सभासद होतो, शेअर सर्टिफिकेट मिळतं आणि वर्षातून एकदा सभेत भांडायचा हक्क मिळतो. इथे तसं नाही. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डरची असते. तुम्ही घेता तो ठरावीक वर्षांचा हक्क आणि त्यासोबत एक करार. छप्पर कधी दुरुस्त करायचं, विमा कुठल्या कंपनीचा घ्यायचा, जिने कोण झाडणार, हे सहसा फ्रीहोल्डर किंवा त्याची मॅनेजिंग एजंट कंपनी ठरवते आणि खर्च तुमच्याकडून वसूल करते. मुदत संपली की कायद्याने फ्लॅट त्याचा.

"शेअर ऑफ फ्रीहोल्ड" असं जाहिरातीत दिसलं, तर फ्लॅटधारक मिळून फ्रीहोल्डचे मालक आहेत असा अर्थ. ते चांगलंच. पण तिथेही तुमची स्वतःची लीज असतेच आणि तिचीही वर्षं कमी होत असतात, हे विसरू नका.

पहिली पायरी: ऑफर द्यायच्या आधी वर्षं आणि भाडं तपासा

लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावरून कुणालाही, कुठल्याही नोंदणीकृत घराचा टायटल रजिस्टर, म्हणजे मालकीचा उतारा, काही पौंडांत मिळतो. त्यात लीजची तारीख आणि मुदत लिहिलेली असते. एजंटच्या शब्दावर राहू नका. सुरुवातीची तारीख पाहा, बेरीज स्वतः करा.

माझा हिशेब असा: ९० च्या वर वर्षं असतील तर निर्धास्त, ८० ते ९० असतील तर लीज वाढवायचा खर्च धरूनच किंमत ठरवा, आणि ८० च्या खाली असतील तर आधी वकिलाशी बोला, मग ऑफर द्या. ८० हा आकडा का, ते लीज वाढवण्याच्या भागात सांगते.

दुसरी गोष्ट ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीचं वार्षिक भाडं. ३० जून २०२२ पासून नव्याने दिलेल्या बहुतेक लांब मुदतीच्या निवासी लीजवर ते घेता येत नाही. कायद्याच्या भाषेत भाडं 'पेपरकॉर्न', म्हणजे मिरीचा एक दाणा, व्यवहारात शून्य. पण त्याआधीच्या लीजवर ते चालू आहे, आणि काही लीजमध्ये ते दर दहा वर्षांनी दुप्पट होतं. आज २५० पौंड फार वाटत नाहीत. तेच पाच वेळा दुप्पट झालं की पन्नास वर्षांनी वर्षाला ८,००० पौंड होतात. असा फ्लॅट विकायला काढला की गिऱ्हाईकाची बँक माघार घेते. म्हणून आजचं भाडं किती यापेक्षा ते पुढे कसं वाढत जातं, हे कलम महत्त्वाचं.

दुसरी पायरी: वकील निवडा, आणि एजंटने सुचवला म्हणून निवडू नका

सॉलिसिटर किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (फक्त घर-जमिनीचे व्यवहार करणारा परवानाधारक), दोघेही चालतात. मात्र लीजहोल्डचं काम वेगळं आणि वेळखाऊ असतं, त्यामुळे फीही जास्त असते. पहिल्याच फोनवर विचारा: माझी फाइल कोण हाताळणार, लीज स्वतः वाचून लेखी अहवाल देणार का, आणि मी थेट कुणाशी बोलू शकेन. सल्ल्यासाठी सरकारी मदतीवर चालणारी लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस आहे. तिला सगळे 'लीज' म्हणतात आणि तिचा प्राथमिक सल्ला फुकट मिळतो.

वकील ठरला की तो पहिल्यांदा पैशांबद्दल विचारेल, आणि नव्याने आलेल्यांची गाडी इथेच अडते. डिपॉझिटचे पैसे कुठून आले, हे त्याला कायद्याने तपासावंच लागतं. भारतातून पैसे येणार असतील तर कागद आधीच जमवा: सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट, जमीन किंवा घर विकलं असेल तर त्याचा दस्त, आईवडील देत असतील तर ही भेट आहे, परतफेड नको, असं त्यांचं सहीचं पत्र आणि त्यांचीही स्टेटमेंट. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच परदेशी पाठवता येतात, आणि तुमच्या एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांचं भारतातलं खातं) वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत. पैसे चार नातेवाइकांच्या खात्यांतून फिरवून आणू नका. प्रत्येक खात्याचा खुलासा द्यावा लागतो.

तिसरी पायरी: स्टॅम्प ड्यूटी, आणि गावाकडचं घर

ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला स्टॅम्प ड्यूटीत सवलत आहे. पण 'पहिल्यांदाच' म्हणजे जगात कुठेही पहिल्यांदा. तुमच्या नावावर नाशिकला फ्लॅट असेल किंवा वडिलांच्या पश्चात घराचा हिस्सा तुमच्याकडे आला असेल, तर ती सवलत तुम्हाला नाही. जोडीने घेत असाल तर दोघांनाही ही अट लागू.

दुसरा धक्का याहून मोठा. खरेदीनंतर तुमच्याकडे दुसरं घर असेल, तर ३१ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या दरांवर पाच टक्के जास्त लागतात. हे दुसरं घरही जगात कुठलंही धरतात, तुमचा हिस्सा ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा असला की. नवराबायको एकत्र राहत असतील तर एकाच्या नावावरचं घर दुसऱ्याच्या खरेदीतही मोजतात.

१ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ३,५०,००० पौंडांच्या फ्लॅटचं गणित बघा. खरोखर पहिलं घर असेल तर २,५०० पौंड. सवलत नसेल पण दुसरं घरही नसेल तर ७,५००. आणि भारतातलं घर मोजलं गेलं तर २५,००० पौंड. शिवाय खरेदीआधीच्या बारा महिन्यांत तुम्ही १८३ दिवस इथे राहिलेले नसाल, तर आणखी दोन टक्के. अर्जात "दुसरं घर नाही" असं लिहून हा प्रश्न सुटत नाही. ते खोटं विधान ठरतं. वकिलाला पहिल्याच भेटीत सगळं सांगा. वेल्समध्ये कर वेगळा आहे, त्याचे दरही वेगळे.

चौथी पायरी: लीज स्वतः वाचा

तीस-चाळीस पानांचा जुन्या भाषेतला कागद असतो. तरी वाचा. चहा घेऊन बसा, पेन्सिलने खुणा करा, न कळलेलं वकिलाला विचारा. तुमचा रोजचा दिवस कसा जाणार हे त्या कागदात लिहिलेलं असतं.

घरातल्या फरशीवर काय घालायचं, हे कलम शोधा. कित्येक लीजमध्ये खोल्यांत गालिचा सक्तीचा असतो. लाकडी फरशी घातली आणि खालच्या शेजाऱ्याने तक्रार केली, तर ती उखडावी लागते. भिंत पाडायला, न्हाणीघर हलवायला परवानगी लागते, आणि तिला 'लायसन्स टू ऑल्टर' म्हणतात. फ्लॅट भाड्याने देता येतो का, थोड्या दिवसांच्या पाहुण्यांना देता येतो का, मांजर पाळता येतं का, बाल्कनीत कपडे वाळत घालता येतात का, हे सगळं तिथे असतं. जिन्यात दाराबाहेर चपलांचं कपाट ठेवायची आपली सवय इथे लीज आणि आगीचे नियम दोन्हीत अडकते.

खिडक्यांची जबाबदारी कुणाची, हेही पाहा. चौकट इमारतीची आणि काच तुमची, असंही असतं. पोटमाळा किंवा बागेचा तुकडा विक्रेता वापरत असेल, तर तो लीजच्या नकाशावर रंगवलेला आहे का ते बघा. नकाशात नसेल तर तो तुमचा नाही.

पाचवी पायरी: इमारतीचे कागद

विक्रेत्याचा वकील फ्रीहोल्डर किंवा एजंटकडून 'एलपीई१' नावाच्या प्रश्नावलीची उत्तरं मागवतो. सर्व्हिस चार्जचे, म्हणजे इमारतीच्या देखभालीसाठी वसूल होणाऱ्या पैशांचे, मागच्या तीन वर्षांचे हिशेब, विमा, राखीव निधी, चालू वाद, येऊ घातलेली मोठी कामं, सगळं त्यात येतं. मी दोनच ठिकाणी आधी बोट ठेवते: राखीव निधी किती आहे, आणि 'सेक्शन २०' ची नोटीस निघाली आहे का.

एखाद्या कामाचा खर्च कुठल्याही एका फ्लॅटवर २५० पौंडांपेक्षा जास्त बसणार असेल, तर १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या विसाव्या कलमाने फ्लॅटधारकांशी आधी सल्लामसलत करावी लागते. ती न करता काम केलं, तर सहसा प्रत्येकाकडून २५० पौंडच वसूल करता येतात. नोटीस निघालेली असेल आणि राखीव निधी रिकामा असेल, तर ते बिल तुमच्या दारात येणार आहे असं समजून किंमत कमी करून मागा, किंवा विक्रेत्याच्या पैशांतली काही रक्कम वकिलाकडे अडकवून ठेवायला सांगा. ही पद्धत रूढ आहे, मागायला लाजू नका.

इंग्लंडमधली इमारत किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजल्यांची असेल, तर लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरच्या २०१७ च्या आगीनंतरचे नियम लागतात. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याने बाहेरच्या भिंतींवरच्या धोकादायक आच्छादनाच्या खर्चापासून बऱ्याच फ्लॅटधारकांना संरक्षण दिलं आहे, पण ते १४ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या लीजचा धारक कोण होता आणि त्याच्याकडे आणखी किती घरं होती यावर अवलंबून असतं. त्यासाठी विक्रेत्याकडून 'लीजहोल्डर डीड ऑफ सर्टिफिकेट' मागा. इथे मात्र फक्त ब्रिटनमधली घरं मोजतात, भारतातली नाहीत. बँक बाहेरच्या भिंतींसाठी 'ईडब्ल्यूएस१' फॉर्मही मागू शकते.

सहावी पायरी: एक्स्चेंज आणि त्यानंतर

कराराची अदलाबदल होईपर्यंत दोघांपैकी कुणीही माघार घेऊ शकतं. तोपर्यंत पडदे मोजू नका. अदलाबदल झाल्यावर मागे फिरलात तर साधारण दहा टक्के डिपॉझिट जातं. ताबा मिळाल्यावर वकिलाने फ्रीहोल्डरला हस्तांतराची आणि कर्जाची नोटीस द्यायची असते. काही लीजमध्ये 'डीड ऑफ कव्हेनंट', म्हणजे लीजच्या अटी पाळण्याचा लेखी करार, करून फ्रीहोल्डरचं प्रमाणपत्रही आणावं लागतं, नाहीतर लँड रजिस्ट्री नाव चढवत नाही. या प्रत्येक कागदाची वेगळी फी असते. ती आधीच विचारून ठेवा.

लीज वाढवणं

१९९३ च्या कायद्याने फ्लॅटधारकाला हक्क दिला आहे: उरलेल्या वर्षांत ९० वर्षांची भर आणि ग्राउंड रेंट शून्य. फ्रीहोल्डरला नाही म्हणता येत नाही, भांडण फक्त किमतीचं. पूर्वी दोन वर्षं मालकी असल्याशिवाय हा हक्क बजावता येत नसे. ३१ जानेवारी २०२५ पासून ती अट गेली.

आता त्या ८० च्या आकड्याबद्दल. लीज वाढली की फ्लॅटची किंमत वाढते. या वाढीतल्या नफ्याला 'मॅरेज व्हॅल्यू' म्हणतात. नोटीस देताना ८० हून जास्त वर्षं शिल्लक असतील तर ती द्यावी लागत नाही. ८० च्या खाली गेलात की निम्मी फ्रीहोल्डरला. समजा हा नफा २०,००० पौंड आला, तर एरवीच्या किमतीवर आणखी १०,००० पौंड. माझ्या फ्लॅटला मी घेतला तेव्हा ८४ वर्षं उरली होती. नोकरी बदलली, आईचं आजारपण आलं, आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणत राहिले. नोटीस गेली तेव्हा ८० ची रेषा ओलांडून चार महिने झाले होते. त्या चार महिन्यांचे मी हजारो पौंड मोजले. म्हणून लीजची ८० वर्षं शिल्लक राहतील ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहा, आणि तिच्या दीड वर्ष आधी कामाला लागा.

काम असं चालतं. आधी या विषयातला सर्व्हेयर गाठून किंमत काढून घ्या. इंटरनेटवरची गणकयंत्रं फक्त अंदाज देतात. मग वकील 'सेक्शन ४२' ची नोटीस पाठवतो, त्यात तुम्ही देऊ करत असलेली रक्कम असते. नोटीस पोचली तो दिवस किमतीसाठी धरतात, पुढे वाटाघाटीला वर्ष लागलं तरी. फ्रीहोल्डरला उत्तरासाठी किमान दोन महिने द्यावे लागतात, आणि तो तुम्ही देऊ केलेल्या रकमेच्या दहा टक्के किंवा २५० पौंड, यांपैकी जास्त असेल ती अनामत मागू शकतो. त्याचं उत्तर आल्यापासून दोन महिन्यांत सौदा जमला नाही, तर इंग्लंडमध्ये फर्स्ट-टियर ट्रिब्युनल या न्यायाधिकरणाकडे जाता येतं. पण त्या उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत. ती मुदत हुकली तर नोटीस रद्द झाल्यासारखीच, आणि नवी द्यायला बारा महिने थांबावं लागतं. तोवर वर्षं आणखी कमी होतात. वकिलावर सोडून न देता ही तारीख तुम्हीही लक्षात ठेवा.

फ्रीहोल्डरच्या वकिलाची आणि सर्व्हेयरची वाजवी फी १९९३ च्या कायद्यानुसार तुमच्याच खिशातून जाते. २०२४ च्या लीजहोल्ड अँड फ्रीहोल्ड रिफॉर्म कायद्यात ९९० वर्षांची वाढ, मॅरेज व्हॅल्यू रद्द करणं आणि फीचे नवे नियम आहेत. मात्र कायद्याचं प्रत्येक कलम वेगवेगळ्या दिवशी लागू केलं जातं. त्यामुळे नोटीस देण्याआधी वकिलाला नेमकं विचारा: आज कुठलं कलम लागू आहे, आणि थांबलो तर माझ्या लीजच्या वर्षांचं काय होईल.

फ्रीहोल्डर कधी कधी स्वतःहून पत्र पाठवतो: "कोर्टकचेरीत कशाला पडता, आपसात मिटवू." रक्कम कमी दिसते. पण नीट बघा, मुदत ९० ने वाढते आहे की फक्त पुन्हा ९९ वर नेऊन ठेवली आहे? आणि जुन्या लीजची उरलेली वर्षं जुनं ग्राउंड रेंट चालू ठेवलं आहे का? आपसातला सौदा कधी कधी खरोखर चांगला असतो, पण कायद्याच्या हक्काच्या शेजारी ठेवून, सर्व्हेयरला दाखवूनच सही करा. अशा सौद्याला तुमच्या बँकेची परवानगीही लागते.

फ्रीहोल्डरचा पत्ताच लागत नसेल तरी हक्क जात नाही. न्यायालयाकडून आदेश मिळवून लीज वाढवता येते.

विकताना

घर बाजारात आणण्याच्या दिवशीच 'एलपीई१' चे कागद मागवा. एजंट कंपन्या त्यासाठी काही आठवडे घेतात आणि काही शे पौंड आकारतात. गिऱ्हाईक मिळाल्यावर मागवले तर तेवढे आठवडे वाया जातात. सर्व्हिस चार्जची बाकी चुकती करा. लाकडी फरशी, पाडलेली भिंत, बदललेल्या खिडक्या यांची परवानगीपत्रं शोधा. परवानगी घेतली नसेल तर आता मागता येते, पण फ्रीहोल्डरला त्याची किंमत ठरवायची मोकळीक मिळते.

लीज ८० च्या जवळ आली असेल तर एक वाट आहे. नोटीस तुम्ही द्या, आणि विक्रीच्या दिवशी तिचा हक्क फ्लॅटबरोबर गिऱ्हाईकाच्या नावे लेखी करून द्या. दोन वर्षांची अट गेल्यामुळे आता याची गरज नाही, असं कुणी म्हणेल. पण घेणाऱ्याचं नाव लँड रजिस्ट्रीत चढायला कित्येकदा महिने जातात आणि तोवर त्याला नोटीस देता येत नाही. ते महिने ८० ची रेषा ओलांडणारे असतील तर मोठा फरक पडतो. नोटीस आणि फ्लॅट एकाच वेळी हस्तांतरित व्हायला हवेत. मागाहून नोटीस देऊन चालत नाही.

वाढवलेली लीज म्हणजे खरं तर जुनी लीज परत करून घेतलेली नवी लीज. तिची लँड रजिस्ट्रीत नोंद झाल्यावर रजिस्टरची प्रत मागवा. वर्षं बरोबर आहेत का, भाडं शून्य लिहिलं आहे का आणि बँकेचं कर्ज नव्या लीजवर नोंदलं गेलं आहे का, या तिन्ही ओळी स्वतः वाचा. माझ्या प्रतीत मुदत एका वर्षाने चुकली होती, वकिलाला कळवल्यावर दुरुस्त झाली.